पक्षी लांब असेल तर? मिररलेस की छोट्या सेन्सरचा सुपरझूम (चर्चा; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

पाणवठा

गेल्या रविवारी उजनीच्या बॅकवॉटरला, कुंभारगावच्या काठावर, आमच्या गटात एक नवीन मुलगी आली होती. पक्षी बघायची आवड नुकतीच लागलेली, पहिल्या पगारातून कॅमेरा घ्यायचा होता. तिने विचारलं, तर सगळे एका सुरात म्हणाले, "मिररलेसच घे. सुपरझूम म्हणजे खेळणं, सेन्सर नखाएवढा." (मिररलेस म्हणजे लेन्स बदलता येणारा कॅमेरा; सुपरझूम म्हणजे मोठ्या झूमची एकच लेन्स कायमची बसवलेला; सेन्सर म्हणजे आतला प्रकाश टिपणारा भाग.) मला ते पटलं नाही. तिथे बोलले, आता सविस्तर लिहिते.

माझ्याकडे निकॉनचा पी९०० आहे, २०१५ सालचं मॉडेल. झूम २४ ते २००० मिमी (आकडा मोठा तितका पक्षी मोठा दिसतो), वजन ८९९ ग्रॅम. खांद्याला अडकवला की दिवसभर आठवण होत नाही. दोन हिवाळ्यांपूर्वी याच पाण्यावर पट्टकादंबांचा (बार-हेडेड गूज) थवा उतरला होता, आमच्यापासून दोनशे मीटरच्या पुढेच. त्यातल्या एकाच्या मानेत रंगीत पट्टी दिसली. नाववाल्या दादांनी वल्हं थांबवलं, मी कोपरं गुडघ्यावर टेकली आणि पूर्ण झूम करून फोटो काढत राहिले. पहिल्या चारांत मान वळलेली. पाचव्यात पट्टीवरची अक्षरं एकेक सुटी वाचता आली. तो पक्षी कुठे पट्टी घालून सोडला होता हे त्या अक्षरांवरून कळतं. शेजारी बसलेल्या मैत्रिणीकडे नवाकोरा मिररलेस होता, किटबरोबर, म्हणजे कॅमेऱ्यासोबतच आलेली, ५५-२१० मिमी लेन्स. तिच्या फोटोत पट्टी आहे एवढंच कळत होतं.

ज्याला पक्षी ओळखायचाय, ईबर्डवर (पक्षीनोंदींच्या वेबसाइटवर) नोंद करायचीय, दुर्मीळ पक्ष्याला फोटोचा पुरावा जोडायचाय, त्याने पहिला कॅमेरा सुपरझूमच घ्यावा. भिंतीवर लावायच्या फोटोंसाठी पुढे घ्या हवं ते.

देवराई

ताई, तुमच्या नोंदींबद्दल आदर आहे, पण तुलना चुकीची केलीत. २००० ला २१० शी लढवलंत. पक्ष्यांसाठी मिररलेस घेणारा माणूस किट लेन्सवर थांबत नाही. माझ्याकडे कॅननचा आर१० आहे आणि आरएफ १००-४०० मिमी लेन्स. दोन्ही मिळून १०६४ ग्रॅम. म्हणजे तुमच्यापेक्षा दीडशे-पावणेदोनशे ग्रॅमच जास्त.

आता सेन्सर. तुमचा १/२.३ इंची, म्हणजे साधारण ६.२ बाय ४.६ मिमी, २८ चौरस मिलिमीटर. आर१० चा ३३२. जवळजवळ बारापट. सकाळी साडेसहाला सिंहगड व्हॅलीत ओढ्याकाठी बसा. वर झाडांचं छत, स्वर्गीय नर्तक पाण्यावर उतरतोय, लांबलचक पांढरी शेपटी मागे फिरतेय. मला तिथे आयएसओ (कमी उजेडात वाढवायची सेन्सरची संवेदना) ३२००-६४०० लागतो आणि फोटो साफ करून घेता येतो. तुमच्या कॅमेऱ्यात त्या आयएसओला पिसांचा लगदा होतो, आणि पी९०० मध्ये रॉ फाइलच (सेन्सरकडचा कच्चा, प्रक्रिया न केलेला फोटो) नाही, त्यामुळे नंतर दुरुस्त करायलाही हातात काही उरत नाही. महाराष्ट्रातले निम्मे पक्षी उजनीच्या उन्हात नाहीत, झाडीत आहेत.

एसटीतून

देवराई दादा, "किट लेन्सवर थांबत नाही" हे वाक्य मला लागलं. मी थांबलोय. दुकानात सांगितलं, "बॉडी चांगली घे, लेन्स काय कधीही घेता येते." आर५० घेतला, सोबत १८-४५ लेन्स. हप्ते फिटायला दीड वर्ष गेलं. आमच्या गल्लीतल्या पिंपळावर तांबट बसतो, टुक टुक करत. फोटोत तो हिरव्या पानांतला हिरवा ठिपका. कॅमेरा उत्तम आहे, आजीचे फोटो असे आलेत की घरातले सगळे बघत राहतात. पण ज्यासाठी घेतला ते दीड वर्षात झालं नाही. नवीन माणसाला सल्ला देताना लेन्ससकट पूर्ण किंमत सांगा, एवढीच विनंती.

भिंगवाला

मी दुर्बिणी आणि टेलिस्कोप हाताळणारा माणूस, त्यामुळे सेन्सरच्या आधी काचेकडे बघतो. तुम्ही दोघं सेन्सरवर भांडताय, पण लांबच्या पक्ष्याकडून किती प्रकाश गोळा होतो हे भिंगाच्या तोंडावर ठरतं. खरी फोकल लांबी (लेन्सचे मिमी) भागिले एफ आकडा (लहान तितकं तोंड मोठं), की तोंडाचा व्यास मिळाला.

पी९०० चे २००० मिमी हे फुल फ्रेमच्या (३६ बाय २४ मिमी सेन्सरच्या) हिशोबातले. खरी लांबी ३५७ मिमी, एफ ६.५. भागाकार ५५ मिमी. आरएफ १००-४०० ची खरी लांबी ४००, एफ ८. भागाकार ५०. म्हणजे लांबवरच्या पट्टकादंबाकडून येणारा प्रकाश ताईंच्या "खेळण्यात" थोडा जास्तच शिरतो! वर आर१० वर ती लेन्स ६४० मिमीएवढी दिसते. २००० इतकी चौकट हवी असेल तर २४ मेगापिक्सेलमधले अडीचच उरतात.

पण ताई, तुमचे १६ मेगापिक्सेलसुद्धा खरे नाहीत. एफ ६.५ ला प्रकाशाचा ठिपका पसरून साधारण पावणेनऊ मायक्रॉनचा होतो आणि तुमचा एक पिक्सेल १.३४ मायक्रॉनचा. एका ठिपक्याच्या रुंदीत सहा-सात पिक्सेल बुडतात. त्यामुळे लांब पल्ल्यावर तुम्ही पुढे आहात, पण थोड्याच.

उलटं घडतं ते पक्षी जवळ असताना, आणि देवराईंना ओढ्यावर जाणवतं ते हेच. स्वर्गीय नर्तक दहा मीटरवर असेल तर ताईंना झूम मागे घ्यावा लागतो. ६४० मिमीच्या चौकटीला पी९०० ची खरी लांबी ११४ वर येते आणि भिंगाचं वापरातलं तोंड पंचवीस मिमीच्या आसपास. देवराईंचं तिथेही पन्नासच. प्रकाश चौपट. झाडीत मिररलेस, उघड्या पाण्यावर सुपरझूम, असं गणित सांगतं.

देवराई

भिंगवाला, हिशोब मान्य. ५५ विरुद्ध ५० हे मी कधी करून पाहिलं नव्हतं. पण तुमच्या हिशोबात पक्षी बसलेला आहे. तो उडाला की काय?

कडबनवाडीच्या माळावर भोवत्या (हॅरियर, शिकारी पक्षी) गवताला घासून येतो, मध्येच वळतो, खाली झेप घेतो. माझा कॅमेरा पक्ष्याचा डोळा शोधून धरून ठेवतो आणि सेकंदाला १५ फ्रेम घेतो. पी९०० सेकंदाला ७ घेतो, पण सातच. सात झाले की कार्डावर लिहीपर्यंत थांबायचं, तोवर भोवत्या पलीकडच्या बांधावर. शिवाय त्याचा फोकस मागेपुढे हलून जागा शोधतो. मागे गवत असेल तर गवत पकडतो. मी दोन वर्षं सुपरझूम वापरलाय, ऐकीव सांगत नाही. उडत्या पक्ष्याचे माझे त्या काळातले फोटो म्हणजे शेपट्या आणि रिकामं आकाश.

आणि उडताना ओळख लागतेच ना? भोवत्याच्या वेगवेगळ्या जातींच्या माद्या एकमेकींसारख्या. पंखाखालच्या पट्ट्या दिसल्याशिवाय कोणती ते सांगता येत नाही. नोंदीसाठीसुद्धा उडतानाचा फोटो लागतो.

पाणवठा

भोवत्यांचा मुद्दा मला मान्य करावाच लागेल. माझ्या वहीत "भोवत्या, मादी, जात अनिश्चित" अशा कितीतरी ओळी आहेत, आणि त्याचं कारण तुम्ही सांगितलंत तेच.

पक्षी चौकटीतून निसटतो, त्याला एक युक्ती आहे. पी९०० ला लेन्सच्या बाजूला एक बटण आहे. दाबून धरलं की झूम मागे येतो, मोठी चौकट दिसते. पक्षी मध्ये आणायचा, बटण सोडायचं, झूम परत जागेवर. झाडावर बसलेला शिक्रा असा पटकन सापडतो. उडत्याला उपयोग नाही, हे खरं.

पण मला एक वेगळंच बोलायचंय, जे अजून कुणी काढलं नाही. अंतर. गेल्या मे महिन्यात टिटवीच्या अंड्यांभोवती चार जण चारशे मिमीची लेन्स घेऊन गुडघ्यावर रांगताना पाहिले. टिटवी ओरडत डोक्यावरून फिरतेय, अंडी उन्हात उघडी. पाच फूट पुढे, अजून पाच फूट पुढे, कारण चौकट भरायची होती. तीच टिटवी मी बांधावरून, शंभर पावलांवरून टिपली. ती उठलीसुद्धा नाही. माझ्या फोटोत पिसं मऊ दिसतात, त्यांच्यात एकेक पीस मोजता येईल. मला माझा फोटो चालतो.

नान्नजकर

ताई, टिटवीचं अगदी खरं. पण झूम मोठा म्हणून माणूस लांब थांबतो असं नाही. आमच्याकडे माळावर ३००० मिमीचा पी१००० घेऊनही लोक लांडग्याच्या मागे गाडी घालतात. ती सवय कॅमेऱ्याने जात नाही.

आणि माळाबद्दल एक गोष्ट दोन्ही बाजू विसरतायत. हवा. सोलापूरकडे नऊ वाजले की जमीन तापते आणि गवतावर हवा थरथरायला लागते. तीनशे मीटरवरचं काळवीट पाण्यात बुडल्यासारखं हलतं. तिथे २००० मिमी असो, ३००० असो, तुम्ही फक्त ती थरथर मोठी करून बघता. नवीन लोकांना वाटतं कॅमेरा बिघडला. सूर्य उगवल्यापासूनचे पहिले दीड-दोन तास मोठ्या झूमचे, त्यानंतर जवळ येईल तेवढंच आपलं. "पी१००० ने चंद्रावरचे खड्डे दिसतात" म्हणून घेणाऱ्यांनी हे आधी समजून घ्यावं. चंद्र वर असतो, मध्ये तापलेला माळ नसतो.

कोकणवारा

टिकण्याबद्दलही बोलू. माझा सुपरझूम (कंपनीचं नाव घेत नाही) चौथ्या वर्षी अडकला. लेन्स बाहेर आली ती आत जाईना, कर्र कर्र आवाज, स्क्रीनवर लेन्स एररचा संदेश. नळीच्या फटीत लाल मातीची धूळ आणि आमची खारी हवा. दुरुस्तीला दिला तर म्हणाले, सुटा भाग मिळत नाही, अख्खी लेन्स बदलावी लागेल, आणि खर्च सांगितला तो कॅमेऱ्याच्या निम्म्याहून जास्त. तीन आठवडे ठेवून घेतला आणि तसाच परत केला. मिररलेसची बॉडी गेली तर लेन्स उरते, लेन्स गेली तर बॉडी उरते. सुपरझूममध्ये एक गेलं की सगळं गेलं. आता मी मिररलेसवर आहे आणि मागे जाणार नाही.

पाणवठा

वाईट वाटलं वाचून. माझा अजून चालतोय, पण मी नावेतून उतरल्यावर झूम आत घेऊन, ब्रशने नळीची कड झाडून मगच पिशवीत ठेवते. दर वेळी. तरीही तुमच्या मुद्द्याला उत्तर नाही. लेन्स वेगळी न होणं ही त्या कॅमेऱ्याची उणीव आहेच.

एसटीतून

मधला मार्ग कुणी सांगितला नाही. सोनीचा आरएक्स१० मार्क ४? एक इंची सेन्सर, २४-६००, एफ २.४-४.

भिंगवाला

चांगला कॅमेरा, २०१७ चा. सेन्सर ११६ चौरस मिमी, ताईंच्या चौपट. खरी लांबी २२० मिमी, एफ ४, म्हणजे तोंड पुन्हा ५५! फोकसही सुपरझूमसारखा चाचपडत नाही. पण पोच ६०० ची, वजन १०९५ ग्रॅम आणि किंमत मिररलेसच्या संचाला भिडणारी. पहिल्या पगाराचा तो कॅमेरा नाही.

आणि मिररलेसची खरी ताकद बघायची तर १००-४०० वर नाही, २००-६०० सारख्या लेन्सवर बघा. ६०० भागिले ६.३, तोंड ९५ मिमी. पी९०० च्या तिप्पट प्रकाश. तिथे सुपरझूमची बरोबरीच होत नाही. फक्त ती लेन्स एकटी दोन किलोच्या वर जाते.

देवराई

एसटीतून, तुझ्यासाठी सरळ सांगतो. बॉडी आहेच, ती विकू नकोस. १००-४०० तुझ्या आर५० ला बसते आणि ६३५ ग्रॅमची आहे. पुण्यात लेन्स दिवसाच्या भाड्याने मिळते. शनिवार-रविवार घे, तांबट टिप, मग ठरव.

आणि ताई, त्या नवीन मुलीला मी अजूनही मिररलेसच सांगेन, पण लेन्ससकट किंमत धरून. तेवढं बजेट नसेल तर थांब म्हणेन.

पाणवठा

थांब कशाला? पट्टकादंब मार्चपर्यंतच आहेत. तिने दुर्बीण आणि वापरलेला पी९०० किंवा रॉ फाइल हवी असेल तर पी९५० घ्यावा आणि हा हिवाळा बघावा. पैसे साठेपर्यंत शंभर पक्षी ओळखता येतील. मी तिला माझा कॅमेरा येत्या रविवारी हातात देणार आहे. देवराई, तुम्ही आर१० घेऊन या, तिला दोन्ही एकाच थव्यावर वापरून बघू दे. सहाला नाव सुटते, साडेपाचला काठावर भेटू.

देवराई

येतो. पण परत जाताना कडबनवाडीला तासभर थांबायचं. भोवत्यावर पी९०० तिच्या हातात द्या, मग बोलू.