नाव रुक्मिणी : तुमच्या घरचे अनुभव सांगा

कौंडण्यपूर आमच्यापासून जवळच. अमरावती जिल्ह्यातलं वर्धा नदीकाठचं हे गाव म्हणजे विदर्भराजा भीष्मकाची राजधानी, रुक्मिणीचं माहेर. अंबिकेच्या देवळातून श्रीकृष्णानं तिला रथात घेतलं, ही कथा इथं लहान पोरंही सांगतात. आषाढीला इथून पंढरपूरला पालखी जाते, तीही माहेरची पालखी म्हणूनच. ‘रुक्म’ म्हणजे सोनं. भाऊ रुक्मी, बहीण रुक्मिणी. इतकं आपल्या मातीतलं नाव, पण आमच्या अंगणवाडीच्या पटावर आज एकही रुक्मिणी नाही. आजीच्या पिढीत दर मोहल्ल्यात एक तरी रुखमाबाई असायचीच. हे नाव मोडू नये असं मला फार वाटतं, म्हणून विचारते : तुमच्या घरी हे नाव कुणाचं, कसं पडलं, पुढं त्याचं काय झालं?

मोर्शीकडून
आजी पाळण्यातली रुक्मिणी, घरात रुखमी, सातबाऱ्यावर रुखमाबाई, आधार कार्डावर रुख्मिनी. ती गेल्यावर वारसाचा फेरफार करायला गेलो, तर या सगळ्या एकच बाई असल्याचं सिद्ध करा म्हणाले. प्रतिज्ञापत्र, पोलीस पाटलाचा दाखला, पुन्हा चकरा. बाबा थकून गेले. ज्यांच्या घरी अशी आजी आहे, त्यांनी तिचे कागद आताच जुळवून घ्या, ही विनंती.

दर्यापूरकडून
माहं नाव रुखमा, सासूचंही तेच. मंग लग्नात नवऱ्यानं ताटातल्या तांदळावर दुसरंच नाव लिवलं. त्या नावानं कोनी हाक मारली का मले समजेच नाही, मलेच बोलावून राह्यले म्हनून. माहेरी गेली का माय दारातूनच म्हने, “आली का वो रुखमे!” तवा कुठं जीवात जीव ये. सासू वारल्यावर ननदेनंच म्हटलं, “वहिनी, आता तुमचं नाव तुमी परत घ्या.” बचत गटाच्या रजिस्टरात आता रुखमाच हाये. सही बी तीच करतो.

रिद्धपूरजवळून
आमचं घर महानुभाव. आमच्या पंथाची कवयित्री महदाइसा हिनं तेराव्या शतकात रिद्धपूरला गायलेले धवळे, म्हणजे लग्नाची गाणी, कृष्ण-रुक्मिणीच्या लग्नाचेच. त्यामुळे आमच्याकडे हे नाव कधी सुटलं नाही.

यवतमाळ जिल्ह्यातून
मी नर्सिंगला आहे, नाव रुखमा. शाळेत ‘बुढीचं नाव’ म्हणून मुली चिडवायच्या, मी घरी येऊन रडायची. आमच्या विज्ञानाच्या मॅडमनी एकदा वर्गात डॉ. रखमाबाईंची (१८६४–१९५५) गोष्ट सांगितली. लहानपणी लावून दिलेलं लग्न नाकारून त्या कोर्टात उभ्या राहिल्या, मग लंडनला शिकून डॉक्टर झाल्या, भारतात परत येऊन त्यांनी बायकांवर उपचार केले. त्या दिवसापासून नाव विचारलं की मी मोठ्यानं सांगते.

आर्वीकडून
मुलीचा जन्म स्वाती नक्षत्राच्या पहिल्या चरणावरचा, अक्षर निघालं ‘रु’. घरात लगेच यादी तयार : रुही, रुद्राणी, रुचिता. मी रुक्मिणी म्हटलं तर साळे म्हणाले, “भाऊजी, कॉन्व्हेंटमध्ये टाकाल तेव्हा पोरगी तुम्हाला बोल लावील.” माझे आबाजी माळकरी. ते इतकंच म्हणाले, “विदर्भात नाही ठेवायचं तर कुठं ठेवायचं?” बायकोला ते पटलं आणि तिनंच बारशाला कानात नाव सांगितलं. शाळेत आता एकाच वर्गात दोन-दोन रुही आहेत. आमची रुक्मिणी शाळेत एकटीच, आणि नवीन बाईंनाही तिचं नाव पहिल्याच दिवशी पाठ होतं.

वरूडकडून
ताई, पुढच्या महिन्यात आमच्याकडे बारसं आहे, रुक्मिणीच ठेवायचं ठरतंय. सासूबाईंना हाक मारायला लहान नाव पाहिजे. काय म्हणता येईल?

आर्वीकडून
आमच्याकडे रुकू म्हणतात. आबाजी मात्र पूर्ण रुक्मिणीच म्हणतात.