गाडीच्या रंगावरचा टेपचा चिकटा कसा काढलात? अनुभव लिहा

भुसावळ : आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) आसपास पुतण्याचं लग्न झालं. नवरदेवासाठी माझी पांढरी गाडी सजवली. बॉनेटवरच्या माळा फोमच्या दुतर्फा टेपने चिकटवल्या आणि गडबडीत आठ दिवस गाडी उन्हातच राहिली. आपल्याकडचं ऊन तुम्हाला माहीत आहे. टेप ओढली तर फोम हातात आला, चिकटा बॉनेटवरच. त्यावर धूळ बसून काळे पट्टे झालेत. शाम्पूने दोनदा धुतलं, पट्टे तसेच. कोणी काय केलं, काय बिघडलं, सगळं सांगा.

जळगाव : दादा, नख किंवा ब्लेड लावू नका. मी सकाळी सावलीत केलं. हेअर ड्रायर वीतभर लांब धरून हलवत राहिले. पत्रा हाताला सोसेल इतपतच गरम करायचा. चिकटा मऊ झाला की जुन्या एटीएम कार्डाच्या कडेला सुती फडकं गुंडाळून हळूच सरकवायचं. उरलेल्यावर खोबरेल तेल लावून पंधरा मिनिटं थांबले. मग अंगठ्याने चोळलं की त्याच्या करड्या गोळ्या वळतात, रबराने पेन्सिल खोडल्यासारख्या. शेवटी शाम्पूने तेल धुऊन काढा, नाहीतर धूळ पुन्हा बसते.

धुळे : थिनरपासून लांब राहा, कळकळीने सांगतो. माझ्या मागच्या दाराला पोचा गेला होता, ते गॅरेजमध्ये रंगवून घेतलं होतं. त्यावरचं स्टिकर काढायला थिनर घेतलं. दोन हात फिरवले आणि फडकं लाल झालं! रंगच उतरला. नंतर पेंटरने समजावलं : कंपनीत नुसती बॉडी भट्टीत १२०-१५० अंशांवर भाजतात, म्हणून तो रंग पक्का असतो. तयार गाडीत रबर, प्लॅस्टिक, वायरिंग असतं, तिला एवढी आच देता येत नाही. नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये ॲसिटोन असेल तर त्याचाही तोच धोका.

शहादा : डब्ल्यूडी-४० (गंजलेले नट सोडवायचा स्प्रे) फडक्यावर मारून लावलं, पाच मिनिटांत निघालं. पत्रा थंड हवा, तापलेल्या पत्र्यावर ते लगेच उडून जातं. आधी दाराच्या आतल्या कडेला लावून बघा.

चाळीसगाव : माझं वेगळं दुखणं. दुकानाचं स्टिकर सहा वर्षं दारावर होतं. चिकटा निघाला, पण अक्षरं अजून वाचता येतात, कारण खालचा रंग ताजा आणि भोवतालचा उन्हाने विटलेला. पॉलिशने फरक पडला, पूर्ण गेला नाही. जास्त घासून घेतलं नाही, रंगावरचा क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक थर, कागदाइतकाही जाड नसतो.

भुसावळ : जळगावच्या ताईंच्या पद्धतीने आज सकाळी सहाला बसलो. चारपैकी तीन पट्टे साफ. चौथा बंपरवर उतरलाय, आणि बंपर मागच्या वर्षी रंगवलेला आहे. तिथे फक्त तेल लावून ठेवलंय, संध्याकाळी पुन्हा बघतो.