मदत हवी आहे : ३ वर्षं पिकाची काडी जाळली नाही तरी जमिनीतला सेंद्रिय कर्ब ०.४२ टक्क्यांवरून ०.४५ च, कुठं चुकतंय?

नमस्कार मंडळी. परभणी जिल्हा, सेलू तालुका, ५ एकर भारी काळी जमीन, विहिरीला जानेवारीपर्यंत पाणी. सोयाबीन-तूर, मागून हरभरा, दीड एकर कापूस.

२०२२ ला माती तपासली तेव्हा सेंद्रिय कर्ब (शेणखत, पालापाचोळा कुजून मातीत राहतो तो कार्बन) ०.४२ टक्के आला. वडील म्हणाले आपल्या गोठ्यात ८ जनावरं होती, दर उन्हाळ्यात गाड्या भरून शेणखत रानात पडायचं, आता बैलजोडीपण नाही मग कर्ब राहणार कुठून. मनाला लागलं ते. तेव्हापासून नांगरट बंद, सोयाबीनचं भुसकट मळणी झाली की परत रानात पसरवतो, पऱ्हाटीचा (कापसाच्या वाळलेल्या झाडांचा) श्रेडरनं भुगा करतो (फरदड, म्हणजे वेचणी संपल्यावर तोच कापूस पुढं ठेवणं, घेत नाही, किडकी बोंडं आधी वेचून नष्ट करतो, नाहीतर बोंडअळी तिथंच राहते), आणि बांधावर गिरिपुष्प लावलंय त्याचा पाला टाकतो.

जमीन बदललीय हे डोळ्यांना दिसतंय. मागच्या जूनमध्ये एकदम पाऊस आला तर शेजारच्या रानातून गढूळ पाणी वाहत होतं, माझ्यात मुरलं. गांडुळांची विष्ठा दिसते. पण यंदाच्या रिपोर्टात ०.४५! शिवाय भुगा पसरला तिथं पहिल्या महिन्यात पीक पिवळं पडतं ते वेगळंच.

त्यात कार्बन क्रेडिटवाला (जमिनीत कर्ब साठवला की त्याचे पैसे मिळतात म्हणणारा) एक माणूस येऊन गेला, १० वर्षांचा करार करा म्हणतो. मी हिशोब मांडला : वरच्या ६ इंचात एकरी साधारण ८०० टन माती, ०.०३ टक्का वाढला म्हणजे २४० किलो कर्ब, त्याला ३.६७ नं गुणलं तर ८८० किलो कार्बन डायऑक्साइड. एक क्रेडिट म्हणजे एक टन, मग ३ वर्षांत एकरी एक क्रेडिटपण होत नाही. बरोबर आहे का? सही करू का?

प्रतिसाद १ : दादा हिशोब बरोबर आहे, पण ०.०३ हा फरक नमुना घेण्यातच येऊ शकतो, त्यावरून वाढलं पण म्हणू नका आणि नाही पण म्हणू नका. दोन्ही नमुने एकाच महिन्यात, एकाच खोलीवरून, त्याच जागांवरून घेतले होते का? नांगरट बंद केली की कर्ब आधी वरच्या दोन-तीन इंचात साठतो, फावडं खोल गेलं की आकडा पातळ होतो. पिवळेपणा नत्राचा आहे, पऱ्हाटी कुजवताना जिवाणू जमिनीतला नत्र खातात, भुग्यावर थोडा युरिया आणि कुजवणारं कल्चर टाकून ओल असतानाच कुजू द्या. आणि सहीच्या आधी मोजमाप कसं करणार ते लेखी घ्या. आपल्या मातीत चुनखडीतपण कार्बन असतो, तो वजा न करता एकूण कार्बन मोजला तर आकडा फसवा येतो.

धागाकर्ता : पहिला नमुना नोव्हेंबरात घेतला होता, यंदाचा मेमध्ये, आणि खोली मोजली नव्हती. जुन्या जागा वडिलांना आठवतायत, तिथं खुंट्या ठोकून नोव्हेंबरात परत नमुना घेतो. सही तोपर्यंत नाही. चुनखडीचा रकाना ११ टक्के दाखवतोय, हे जास्त आहे का?