वीसच्या आतला पट आणि बंद करायची घाई

घाटमाथा
काल रोखठोक_नाना यांनी लिहिलं : "वीसपेक्षा कमी पटाच्या जिल्हा परिषद शाळा म्हणजे शिक्षकांची रोजगार हमी. पोरं बसमध्ये घाला, मोठ्या शाळेत न्या, विषय संपला." खाली अंगठ्यांची रांग. तिथे दोन ओळींत उत्तर देऊन भागेना, म्हणून हा वेगळा धागा.

मी आमच्या वाडीच्या शाळा व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष आहे. पट, म्हणजे नाव घातलेली पोरं, अकरा. नाना, बस डांबरी संपते तिथपर्यंत येते. तिथून पुढे ओढा, आणि ओढ्यापलीकडे आम्ही. जुलै-ऑगस्टात मोठ्या माणसाच्या छातीला पाणी लागतं. साकव, म्हणजे ओढ्यावरचा छोटा पूल, मंजूर आहे, तसा फलकही लागलाय, फक्त साकव नाही. सहा वर्षांचं पोर तुमच्या बसपर्यंत कोण आणणार? मी आणीन, तर कामाला कोण जाईल?

कायदा काय सांगतो तेही बघा. पहिली ते पाचवीला एक किलोमीटरच्या आत शाळा, सहावी ते आठवीला तीन किलोमीटरच्या आत. हे २०१० पासून लागू आहे, मेहेरबानी नव्हे. २०२३ मध्ये राज्यात वीसच्या आतल्या सुमारे १५,००० शाळा होत्या. त्या कुठे आहेत ते नकाशावर बघा : घाट, पाडे, तांडे, वस्त्या. सप्टेंबर २०२३ मध्ये समूह शाळांचं, म्हणजे छोट्या शाळा मिळून एक मोठी करायचं, सरकारी पत्र निघालं तेव्हा दाखले दिले पुण्याकडच्या पानशेतचे आणि नंदुरबारकडच्या तोरणमाळचे. तोरणमाळची शाळा निवासी आहे हो. आमच्या पहिलीतल्या पोरांना वसतिगृहात ठेवायचं का?

आणि पट घटला कसा ते कोणी विचारत नाही. आमच्या एका गुरुजींची बदली झाली, जागा रिकामी राहिली. एक शिक्षक चार वर्ग बघतोय म्हटल्यावर ज्यांना झेपत होतं त्यांनी पोरं तालुक्याच्या इंग्रजी शाळेच्या व्हॅनमध्ये घातली. पट आणखी उतरला. आता साहेब म्हणतात, पट नाही तर दुसरा शिक्षक कशाला! आधी शिक्षक काढून घ्यायचा, मग पोरं गेली म्हणून शाळा काढून घ्यायची.

रोखठोक_नाना
माझं नाव घेऊन धागा काढलात, आभारी आहे. ओढ्याचं वाचून वाईट वाटलं, पण तो प्रश्न बांधकाम विभागाचा. मी हिशेब तपासण्यात आयुष्य घालवलं, तेवढंच बोलतो. दोन शिक्षक, साठ-साठ हजार पगार धरा. अकरा मुलं. महिन्याला दर मुलामागे अकरा हजारांच्या घरात. एवढ्या पैशात पुण्यातली बरी खासगी शाळा मिळते. बदल्यात काय मिळतंय? पाचवीच्या पोराला वजाबाकीत हातचा घेता येत नाही.

साकव_कधी
नाना, ते अकरा हजार मुलांवर खर्च होत नाहीत, पगारावर होतात. शाळेच्या हाती काय येतं? तीस पटापर्यंतच्या शाळेला समग्र शिक्षा या सरकारी योजनेचं संयुक्त अनुदान वर्षाला १०,००० रुपये. त्यातला दहावा हिस्सा स्वच्छतेला. उरलेल्यात खडू, वीजबिल, पंख्याची दुरुस्ती, छपराची कौलं. तुमच्या हिशेबाच्या वहीत हा रकाना होता का?

बांधावरचा
घाटमाथा दादा, तुमच्या भावना समजतात, पण मी नानांच्या बाजूने. कारण पैसा नाही.

माझी मुलगी चौथीला वर्गात एकटी होती. पहिला नंबर तिचाच, शेवटचाही तिचाच. मॅडम चांगल्या होत्या, जीव लावायच्या. पण एका पोरीला वर्ग म्हणायचं कसं? खो-खोला मैदानात नऊ लागतात, शाळेत लहानमोठे मिळून आठ. केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या, क्रीडा स्पर्धेत दर वर्षी आमची शाळा नुसती धावण्यात. तिला मैत्रीण म्हणून कोणी नव्हतंच, घरी आली की आजीशी बोलायची. पाचवीला मोठ्या गावच्या शाळेत घातली तेव्हा दिवाळीपर्यंत वर्गात तोंड उघडलं नाही तिनं. आता रोज कोणाशी तरी भांडून येते, आणि मला बरं वाटतं.

वाडीतली शाळा टिकली पाहिजे हे ज्यांची पोरं तिथे शिकून झालीत ते जास्त जोरात म्हणतात. रागावू नका.

फळा_आणि_मोबाईल
मी अशाच शाळेत शिकवते, म्हणून बोलते. सगळे पगार मोजतात, कामं कोणी मोजत नाही. यू-डायसवर शाळेची माहिती, आधारची दुरुस्ती, मुलांचे अपार ओळख क्रमांक, पोषण आहाराची रोजची नोंद. ॲप उघडत नाही म्हणून शाळेमागच्या टेकाडावर जाऊन रेंज शोधायची, तोवर पहिली ते चौथी सगळी मिळून माझी वाट बघतात. निवडणूक आली की बीएलओ, म्हणजे मतदार यादीचं काम. मार्च २०२४ ची संच मान्यता, म्हणजे पटावरून शिक्षक ठरवायचा नियम, आली, तिच्यात सहावी ते आठवीचा पट वीसच्या खाली गेला की शिक्षकच मंजूर नाही. त्याविरुद्ध २५ सप्टेंबर २०२४ ला राज्यभर सामूहिक रजा काढली तेव्हा तुमच्यासारखेच लोक म्हणाले, पगारवाढ मागत असतील. आता सर्वोच्च न्यायालयाच्या सप्टेंबर २०२५ च्या निकालानंतर निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त अवधी असलेल्यांनी दोन वर्षांत टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, पास व्हायचं. रात्री तो अभ्यास. आणि इथे दिवसा वजाबाकीवरून बोलणी.

गंगापूरकर
मॅडम, बाकी सगळं मान्य. एकच विचारतो, मुख्यालयी, म्हणजे शाळेच्या गावात, राहता का?

फळा_आणि_मोबाईल
आलंच ते. नाही राहत. तालुक्याला राहते, गाडीवर येते, पावणेदहाला शाळेत असते.

गंगापूरकर
आणि घरभाडे भत्ता?

फळा_आणि_मोबाईल
घेते. घराचं भाडं भरते म्हणून घेते. मूळ पगाराच्या दहा टक्क्यांच्या आसपास येतो, त्यात बंगला बांधत नाही. तुम्ही गावात एकट्या बाईला राहण्याजोगी, आत संडास असलेली, कडी नीट लागणारी एक खोली दाखवा. उद्या सामान टाकते.

गंगापूरकर
मग शिक्षक गावातच राहतो असा २०१९ पासून जो ग्रामसभेचा ठराव जोडावा लागतो तो खोटाच ना? आमचे आमदार प्रशांत बंब यांनी २०२२ मध्ये विधानसभेत हेच विचारलं, तर तुमच्या लोकांनी मोर्चा काढला. एकानेही सरळ उत्तर दिलं नाही. मी शेतकरी माणूस. सातबारावर एक ओळ खोटी निघाली तर मला अनुदान मिळत नाही. तुम्ही सही करून खोटं लिहून देता आणि वर पोरांना खरं बोलावे शिकवता!

माजी_सरपंच
ठराव मी दिलाय. माझ्या सहीनं. शिक्षक तीसेक किलोमीटरवरून यायचे, मला माहीत होतं, सगळ्या गावाला माहीत होतं. ते वेळेवर येत होते, पोरं वाचत होती, शिष्यवृत्तीला बसत होती. ठराव अडवला असता तर त्यांनी बदली मागितली असती आणि जागा रिकामी पडली असती. तुम्ही काय केलं असतं?

आणि गुरुजीच का दिसतो सगळ्यांना? ग्रामसेवक राहतो गावात? तलाठी? आरोग्यसेविकेच्या क्वार्टरला माझ्या काळात शेळ्या बांधायचे. शाळा रोज भरते म्हणून शिक्षक सापडतो. बाकीचे सापडतच नाहीत, तर भत्ता विचारणार कोणाला?

गंगापूरकर
म्हणजे तुम्ही खोटा ठराव दिला हे इथे चारचौघांत कबूल करताय?

माजी_सरपंच
करतोय. तक्रार करा.

पाटीवरची_रेघ
मी मुख्यालयी राहिलेल्या शिक्षकाचा मुलगा. वडील तीस वर्षं शाळेच्या गावात राहिले. रात्री सगळं गाव ओट्यावर, अर्ज लिहून घ्यायला, पत्र वाचून घ्यायला. कुणाच्या पोराला ताप आला तरी गुरुजींना हाक. आता गुरुजी साडेचारला गाडीला किक मारतात. फरक पडतो की नाही, तुम्हीच सांगा.

फळा_आणि_मोबाईल
दादा, तुमच्या वडिलांबद्दल आदर आहे. तुमची आई काय करायच्या? त्या नोकरीला असत्या आणि त्यांचं मुख्यालय साठ किलोमीटरवर असतं तर? माझे मिस्टर दुसऱ्या तालुक्यात शिक्षक आहेत. दोघांनी दोन मुख्यालयी राहायचं आणि मुलगा कोणत्या गावी ठेवायचा?

पाटीवरची_रेघ
आईला मध्ये आणायची गरज नव्हती.

रोखठोक_नाना
मुलाचा विषय निघालाच आहे तर, तो कुठे शिकतो मॅडम?

फळा_आणि_मोबाईल
चौथीपर्यंत माझ्याच शाळेत, माझ्याच वर्गात. सगळ्यात जास्त ओरडा त्यानेच खाल्लाय. आता तालुक्याला अनुदानित शाळेत, सेमी इंग्रजीला. झालं समाधान? तुमची कुठे शिकली?

रोखठोक_नाना
उत्तर अनपेक्षित होतं, हे मान्य करतो. माझी कॉन्व्हेंटमध्ये शिकली. मी करदाता आहे, समितीचा अध्यक्ष नाही.

साकव_कधी
वा नाना! झेडपीची शाळा कशी चालवावी हे ज्यांनी पोरगं कधी तिथे पाठवलं नाही त्यांनीच सांगावं.

झेडपी_रिटर्न
मी एक टर्म सदस्य होतो, शिक्षण समितीवर. तुम्ही सगळे एकमेकांना धरून बसलात, पण जिल्हा परिषदच नव्हती हे कोणाच्या लक्षात आहे का? बहुतेक ठिकाणची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, पुढे कित्येक वर्षं प्रशासक. सभापती नाही, समिती नाही. शिक्षक मागायला पालक कोणाच्या दारात जाणार? त्याच काळात मंत्रालयातून एकेक फर्मान. २०२४-२५ ला एक राज्य एक गणवेश : कापड उशिरा, शिलाई त्याहून उशिरा, कित्येक शाळांत पोरं स्वातंत्र्यदिनाला जुन्याच कपड्यांत. शेवटी डिसेंबरात तो अधिकार पुन्हा शाळा समित्यांकडे दिला. अंड्यांचंही तेच. नोव्हेंबर २०२३ ला आठवड्यातून एक अंडं सुरू केलं, जानेवारी २०२५ ला निधी बंद, हवं तर लोकवर्गणी काढा.

आमची समिती फार ग्रेट होती असं म्हणत नाही. एकदा बाकांच्या खरेदीवर तीन तास भांडलो आणि गळक्या वर्गांचा विषय "पुढील सभेत" गेला. पण निदान कोणाला तरी शिव्या देता येत होत्या.

गंगापूरकर
अंडी-गणवेश नंतर. तुमच्या समितीने घरभाड्याची तपासणी कधी केली?

झेडपी_रिटर्न
अहो, तुम्ही एकाच खुंट्याला किती फिरणार?

बांधावरचा
धागा शाळांचा होता. माझ्या मुलीबद्दल कोणीच बोललं नाही.

घाटमाथा
मी बोलतो. तुमचं वाचून दोन दिवस गप्प होतो. नानांचा अकरा हजारांचा हिशेब मला खोडता येतो, तुमचा नाही. आमच्या शाळेतही तिसरीत एकच मुलगा आहे. गुरुजी त्याला चौथीच्या पोरींबरोबर बसवतात, तो त्यांच्या चिंचोक्यांच्या डावातला कायमचा लिंबूटिंबू.

पाचवीपासून पुढे मोठी शाळा, हे मला मान्य. तेही वाहन दारापर्यंत येणार असेल तर. कागदावर वर्षाला मुलामागे सहा हजारांपर्यंत वाहतूक भत्ता आहे. त्यात कोणता जीपवाला घाट चढेल ते नानांनी काढून द्यावं, हिशेब त्यांचा चांगला आहे. पण पहिली-दुसरीचं पोर मी ओढ्यात घालणार नाही. कोणाचाही जीआर येवो. आणि आमच्या खिचडी शिजवणाऱ्या वहिनींना महिना २,५०० मिळतात, शाळा गेली की तेही गेले. त्यांना कोणत्या बसमध्ये बसवायचं?

रोखठोक_नाना
म्हणजे निम्मं तुम्हाला पटलं. एवढ्यासाठी माझ्या नावाने धागा काढायची काय गरज होती? लहान मुलांचा मुद्दा तूर्त सोडतो, ओढा माझ्या हिशेबात नव्हता. पण निवृत्त शिक्षक २०,००० मानधनावर घ्यायचं २०२३ मध्ये ठरलं होतंच. अशा ठिकाणी तसा एक द्या, दोन पूर्ण पगारी नकोत.

फळा_आणि_मोबाईल
साठीच्या माणसाला ओढा ओलांडायला लावा. छान.

माजी_सरपंच
घाटमाथा, बाकी राहू द्या. समितीचा ठराव लेखी करा, पालकांच्या सह्या घ्या, एक प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना आणि एक जिल्हा परिषदेच्या सीईओंना द्या. पोच घ्या, पोच! तोंडी सांगितलेलं तालुक्याला पोचेपर्यंत "पालकांची हरकत नाही" असं झालेलं असतं. आणि महिला सदस्यांच्या सह्या आधी. निम्म्या जागा त्यांच्या आहेत, आणि सहीऐवजी नवऱ्यांनीच नावं लिहिलेली कागदपत्रं मी पाहिलीत.

घाटमाथा
समितीत सात बायका आहेत, सह्या त्याच करतील. शनिवारी बैठक लावतो.

गंगापूरकर
ठराव करणारच आहात तर त्यातच एक ओळ घाला, गुरुजी मुख्यालयी राहतात की नाही. खरी.