कयाक पहिल्याच दिवशी जमली, विंडसर्फिंगला मात्र लेक नको म्हणते. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी आणि माझी १६ वर्षांची लेक यंदा पाण्यावरचे खेळ शिकतोय. दोघींना पोहता येतं, लाइफ जॅकेटही कायम अंगात असतं.

सुरुवात केली ती वरून उघड्या असलेल्या कयाकने. वल्हं एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे मारलं की ती पुढे सरकते. आत उडालेलं पाणी तळाच्या भोकांतून आपोआप निघून जातं. बैठक पाण्यालगत, त्यामुळे डुगडुगली तरी सहसा उलटत नाही. दहा मिनिटांत लेक माझ्या पुढे निघून गेली होती! मग स्टँड-अप पॅडल, म्हणजे फळीवर उभं राहून वल्हवणं. आधी गुडघ्यांवर, नंतर उभं राहून. आम्ही दोघींनी पॅडल उलटं धरलं होतं. पात्याचा वाक फळीच्या पुढच्या टोकाकडे हवा, हे कळल्यावर तेही जमलं.

विंडसर्फिंगला, म्हणजे शीड लावलेल्या फळीवर वाऱ्याने पुढे जायच्या खेळाला, गाडी अडली. पडलं की शीड पाण्यात आडवं. परत फळीवर चढा, तोल सांभाळा, दोरी ओढून शीड उचला, तेवढ्यात पुन्हा धप्प. शिवाय प्रत्येक वेळी वारा थोडं लांब नेतो तो नेतोच. तासाभराने लेकीचे तळहात लालबुंद झाले होते. "आई, मला नाही जमणार" म्हणाली, तेव्हा पोटात तुटलं.

मला वाटतं, खरा फरक चुकल्यानंतर पडतो. कयाकची चूक पुढच्या फटक्यात सुधारते. इथे एका चुकीमागे पाच मिनिटं जातात, आणि मजा यायच्या आतच हात दमतात. पण वारा शिडात भरला आणि फळी सरकन निघाली, ते काही सेकंद मी विसरू शकत नाही. तिलाही ते मिळावं असं फार वाटतं. तिला थोडं थांबू द्यावं का? की आमच्या शिकण्याच्या पद्धतीतच काही चुकतंय?

प्रतिसाद :

ताई, शीड केवढं होतं? मोठं असेल तर तिथेच घोळ आहे. तिच्यासाठी ३-४ चौरस मीटरचं शीड आणि मधोमध डॅगरबोर्ड (फळीखाली पाण्यात उतरणारं उभं पातं) असलेली रुंद फळी मागा. शीड हातांच्या जोरावर उचलायचं नसतं. वारा पाठीवर घ्यायचा, गुडघे किंचित वाकवायचे, हात सरळ ठेवून अंगाचा भार मागे टाकायचा. शीड थोडं वर आलं की क्षणभर थांबायचं. वरचं पाणी निथळलं की ते एकदम हलकं होतं. बहुतेक जण घाई करतात ती नेमकी इथेच. तोल जातोय असं वाटलं तर शिडाच्या दांड्यावरचा मागचा हात सोडायला शिकवा, शिडातला जोर लगेच जातो.

हे सगळं आधी जमिनीवर करून घ्या. वारा मंद असलेला दिवस निवडा, आणि किनाऱ्याकडून आत पाण्याकडे वाहत असेल तर उतरूच नका.

तोवर तिची कयाक बंद करू नका.