शाळेच्या परसबागेत वालावर काळा मावा, पोरं शेंगा कच्च्याच खातात, काय मारू?

काळीमाती
नमस्कार मंडळी. मंगळवेढ्याकडची जिल्हा परिषदेची शाळा, सातवीपर्यंत. राष्ट्रीय हरित सेना (शाळेतला मुलांचा पर्यावरण गट) माझ्याकडं आहे, म्हणजे दुसरं कुणी घेईना म्हणून आली. किचनशेडच्या मागं परसबाग केलीय, शेणखत गावातनं फुकट मिळालं. मेथी-पालक झकास आलाय, रोज खिचडीत जातो, पण वालाच्या शेंड्यांवर काळा मावा (रस शोषणारी बारीक कीड) असा बसलाय की हात लावला की बोटं चिकटतात, ढगाळ हवा पडली तेव्हापासून जास्तच. एका मुलाचे वडील म्हणाले औषध आणून देतो, एक फवारा मारा विषय संपला. मी नको म्हणलो. जीवामृत मारून बघितलं, ढिम्म फरक नाही. आणि मे महिन्यात पाणी कोण घालणार हे रडगाणं तर दरवर्षीचंच आहे.

बांधावरून
सर जीवामृत कीटकनाशक नाहीच ओ. ते विरजणासारखं आहे, जमिनीतले जिवाणू वाढवायला. 20 लिटरच्या बादलीला किलोभर शेण, लिटरभर गोमूत्र, 200 ग्रॅम गूळ, 200 ग्रॅम बेसन आणि मूठभर बांधावरची माती, सावलीत 48 तास ठेवायचं, अधनंमधनं हलवायचं आणि मुळाशी द्यायचं. त्याच्यानं मावा जात नसतो. शेणखत जास्त झालं की लुसलुशीत शेंडे फुटतात आणि मावा तिथंच येतो, तुमचं तेच झालंय बहुतेक. जास्त माखलेले शेंडे खुडून साबणाच्या पाण्यात बुडवा, बाकीच्यावर दोन-तीन दिवस सकाळी पाण्याचा जोराचा फवारा मारा. दशपर्णी अर्क (दहा झाडांचा पाला कुजवून केलेला) पण चालतो.

हिरवाफळा
दशपर्णी शाळेत नको प्लीज!! बऱ्याच कृतींमध्ये कण्हेर आणि धोतरा असतो, पोरं ड्रममध्ये हात घालणार नाहीत याची गॅरंटी कोण देणार, सेंद्रिय म्हणजे बिनविषारी असं कुठंय. दुसरं म्हणजे सर, फवारायच्या आधी पानं उलटी करून बघा, काळपट, नारिंगी ठिपक्यांच्या, पंख नसलेल्या छोट्या अळ्या दिसतात का. त्या लेडीबर्डच्या अळ्या, ढालकिडा म्हणतात बघा, त्या मावाच खातात. मुलं कीड समजून त्यांनाच आधी चिरडतात. आमच्या सहावीच्या मुलींनी भिंग घेऊन त्यांची चित्रं काढली आणि वर्गात लावली, तेव्हापासून चिरडणं बंद. मुंग्यांची रांग चढत असेल तर ती आधी तोडा, मुंग्या त्या चिकट्यासाठी माव्याला राखतात आणि ढालकिड्यांना हुसकावतात.

पाचटवाला
मे महिन्याचं सांगतो. भाजीपाला मार्चअखेर संपवायचा, हट्ट करायचा नाही. सुट्टीत शेवगा, कढीपत्ता, हादगा एवढंच जगवायचं, बुंध्याशी उसाचं पाचट जाड अंथरायचं (कडबा नको, भाव माहितीय ना), प्रत्येक झाडाशी बारीक भोकाचं मडकं पुरायचं, मग आठवड्यातनं एकदोनदा भरलं तरी भागतं. ताटं धुतलेलं पाणी शाळा चालू असताना केळी-अळूला सोडा. जूनच्या पावसावर मोकळ्या वाफ्यात हिरवळीच्या खतासाठी ताग टाका, फुलावर येताना गाडा, साधारण 40-45 दिवसांत. फोटो काढायला काही नसतं म्हणून हेडमास्तर कुरकुरतील, कुरकुरू द्या.

काळीमाती
मॅडम, अळ्या आहेत!! पोरांनी एक वाफा "राखीव" केलाय, तिथं काहीच मारायचं नाही म्हणतात. मुंग्या तर खोडावर रांगेनंच होत्या, राख टाकलीय बुंध्याला. बाकीच्या वाफ्यांना निंबोळी अर्क देऊ का? पण आता निंबोळ्या कुठल्या.

बांधावरून
निंबोळ्या जून-जुलैमध्येच पोरांकडनं गोळा करून वाळवून ठेवायच्या. लिटरला 50 ग्रॅम ठेचून रात्रभर भिजत घालायच्या, सकाळी गाळून चिमूटभर साबणचुरा. यंदा दुकानातलं निंबोळी तेल घ्या, प्रमाण बाटलीवर बघून, पीपीएमप्रमाणे (म्हणजे तेल किती तीव्र आहे त्याप्रमाणे) बदलतं. संध्याकाळी मारा आणि तुम्ही स्वतः मारा, पंप पोरांकडं देऊ नका. राखीव वाफ्याकडं वारा असेल तर त्या दिवशी राहू द्या.