तान्ह्या बाळाची ‘जाणीव’ म्हणावं की ‘भान’?

नवजात बाळांवरचा एक लेख मराठीत आणते आहे आणि ‘कॉन्शसनेस’पाशी अडकले आहे. ‘शुद्ध’ चालत नाही. त्यातून बाळ बेशुद्ध नाही एवढंच कळतं. ‘चेतना’ तर आपण झाडालाही लावतो. ‘जाणीव’ म्हटलं की उपकारांची जाणीव, जबाबदारीची जाणीव आठवते, म्हणजे समजून उमजून मनात ठेवलेलं काही. शिवाय तिच्या मागोमाग ‘नेणीव’ येते. मला ‘भान’ जवळचा वाटतो. मूळ धातू ‘भा’, म्हणजे प्रकाशणं, दिसू लागणं. आपण काय म्हणाल?

प्रतिसाद: भान चांगला आहे, पण नामाचा हट्ट कशाला? मराठीत ‘जाणणे’ आणि ‘जाणवणे’ अशी दोन क्रियापदं आहेत. ‘बाळ जाणतं’ यात बाळ कर्ता आहे. ‘बाळाला जाणवतं’ यात ते फक्त अनुभव घेणारं आहे. नवजात बाळाबद्दल दुसरं वाक्य खात्रीनं म्हणता येतं, पहिलं नाही.

हा फरक नुसता व्याकरणाचा नाही. ‘अजाण’ म्हणजे न जाणणारं. त्यावरून न जाणवणारं असा अर्थ काढला गेला, तेव्हा बाळांचे फार हाल झाले. 1980च्या दशकापर्यंत कितीतरी नवजात बाळांच्या शस्त्रक्रिया अपुऱ्या भुलीवर होत. 1987 साली आनंद आणि हिकी या डॉक्टरांनी वेदनेच्या खुणा एकत्र मांडल्या, त्यानंतर ही समजूत ढळू लागली. म्हणून ‘अजाण बालक’ हा शब्दप्रयोग अशा लेखात टाळावाच.

प्रतिसाद: पटलं. ‘क्रिया’ आणि ‘कृती’ याही वेगळ्या ठेवा. तळहाताला बोट लागताच मूठ मिटते, आधार सुटल्यासारखं झालं की हात फाकतात (मोरो प्रतिक्षेप). या प्रतिक्षिप्त क्रिया. त्या घडतात. कृती केली जाते, तिच्यात रोख असतो.

मात्र पहिले काही महिने क्रिया आणि नंतर कृती अशी रेघ ओढू नका. 1995 साली संशोधक ऑड्री व्हान डर मेर आणि सहकाऱ्यांनी दोन-तीन आठवड्यांच्या बाळांच्या मनगटांना हात पायांकडे ओढणारी छोटी वजनं लावली. जो हात बाळाला दिसत होता, तो त्यानं ओढीविरुद्ध वर धरून ठेवला. न दिसणारा खाली गेला. दुसरा हात व्हिडिओच्या पडद्यावर दाखवला, तेव्हा तो वर राहिला. हे नुसतं हातपाय झाडणं नव्हे. नेमकेपणानं वस्तूकडे हात नेणं चार-पाच महिन्यांचं झाल्यावर जमतं, पण त्याची पूर्वतयारी इथे दिसते.

मूळ प्रश्नकर्ती: मग शीर्षकात ‘भान’ ठेवते, कारण आपला हात आपल्यासमोर असण्याला दुसरा शब्द मला सापडत नाही. मजकुरात मात्र ‘जाणवणं’. आणि पहिल्या परिच्छेदातलं ‘अजाण’ आत्ताच खोडलं.